पडलं नाही, दादा, उतरवलं

दादा, जाण्याआधी एवढं एक तरी कबूल करायला हवं होतंत. ते विमान पडलं नव्हतं. मी ते उतरवलं होतं.

काल गाढी नदीच्या काठावर तुमचं दहावं झालं. माणसं मावत नव्हती. तुमच्या डंपरांचे ड्रायव्हर, खडीवाले, गावकीतले म्हातारे, करंजाड्याच्या सोसायटीतले शेजारी. मी आणि माझा नवरा सुहास एका बाजूला उभे होतो. मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "हीच ती मॅडम, जनूशेटच्या इमानातून परलेली." मी वळून सांगणारच होते, की पडले नाही हो, उतरवलं. पण त्याआधी सवयीनं तुम्हाला शोधलं. असं कुणी म्हटलं की तुम्ही मिशीतल्या मिशीत हसत माझ्याकडे बघायचात, आता ही भांडणार म्हणून वाट बघायचात. तुम्ही नव्हतात. मग मी काहीच बोलले नाही.

"उतरवलेला इमान असा पाय वर करून झोपत नाय, बाय," हे तुमचं ठरलेलं वाक्य. "चाकं टेकली तेव्हा माझ्या ताब्यात होतं. मग बांध आडवा आला, त्याला मी काय करू?" हे माझं. "बांध कवा आरवा येतो का? बांध जागच्या जागी असतो. तू आरवी गेलीस." आणि आतून हिरावहिनी ओरडायच्या, "चा घ्या आदी, मंग भांडा."

पहिल्यांदा तुम्ही आमच्या खांदा कॉलनीतल्या घरी आलात तेव्हा मी तुम्हाला बिल्डर समजले होते. पांढरे कडक कपडे, बोटात अंगठ्या, आणि सोसायटीच्या गेटात आडवी लावलेली गाडी. हातातल्या पिशवीत एक भला मोठा जिताडा. मासा सुहासच्या हातात देऊन तुम्ही सोफ्यावर बसलात आणि म्हणालात, "मॅडम, तुमी बिनइंजिनाचा इमान उडवायच्या असा ऐकला."

मी म्हटलं, "हो, ग्लायडर. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं शिकवायचे. मग कॉलेजात फिजिक्स शिकवलं, आता रिटायर झाले."

"मंग आमचा इंजिनवाला उडवाल का? मी बांधतंय एक."

"इंजिनवाल्याची मला भीती वाटते."

"का?"

"ग्लायडरचं इंजिन कधी बंद पडत नाही."

तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. हसणं संपल्यावर एकदम गंभीर होऊन म्हणालात, "माजा पन नाय परनार." ते वाक्य तुम्हाला पुढे किती छळणार होतं हे तेव्हा आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

नेऱ्याला डोंगराच्या पायथ्याशी तुमच्या शेतघरात ती पत्र्याची शेड होती. मी पहिल्यांदा आत शिरले आणि दारातच थांबले. लाकडी फासळ्यांचा एक पंख टेबलांवर आडवा ठेवलेला, त्याच्यावर अजून कापड चढवायचं होतं. सांगाड्यात शेजारी शेजारी दोन खुर्च्या. आणि एका कोपऱ्यात, गोधडीखाली झोपवलेल्या लेकरासारखं, इंजिन. एका छोट्या गाडीचं इंजिन तुम्ही विमानासाठी बदलून घेतलं होतं. बाकी सगळं तुम्ही नकाशावरून करत होतात, अडलं की फोन करून चार लोकांना विचारत होतात, चुकलं की लाकूड मोडून परत बसत होतात. इंजिनाबद्दल मात्र कुणाला काही विचारत नव्हतात. मिठागरावरच्या होड्यांपासून डंपरापर्यंत आयुष्यभर तुम्ही इंजिनांतच हात घातलेले. पण हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा "बांधायचा म्हनून" एवढंच म्हणालात. मी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही पोपटीचं मडकं उकरायला उठून गेलात.

त्या हिवाळ्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात भाजलेल्या पोपटीवर आपण विमान पुरं केलं. मी पन्नाशी कधीच ओलांडलेली. नव्या लायसन्ससाठी मुलांबरोबर बसून परीक्षा दिल्या. परवानगीचे कागद फिरत राहिले, शिक्के बसत राहिले. तुम्ही मला "मॅडम" म्हणायचं कधी सोडलंत आणि "बाय" कधी म्हणायला लागलात, ते मला आठवत नाही. मी मात्र पहिल्या दिवसापासून दादाच म्हणत आले.

एकदा करंजाड्याच्या तुमच्या गच्चीवरून तुम्ही मला नवं विमानतळ दाखवलंत. संध्याकाळ होती, धावपट्टीवरचे दिवे लागत होते. "त्या रांगेच्या खाली आमचा मिठागर," तुम्ही म्हणालात. "त्या पलीकडं घर." आवाजात तक्रार नव्हती. जरा वेळानं म्हणालात, "आमच्या जागेवरून सगल्या दुनियेचा इमान उडल. आपला नाय." आणि ते खरंच होतं. एवढ्या मोठ्या विमानतळाच्या शेजारी आपल्या खेळण्याला हवेत जागा नव्हती. म्हणून पंख काढून, सगळं टेम्पोत बांधून आपण ते घाटावर नेलं, माळावरच्या एका खासगी धावपट्टीवर.

त्या दिवशी पहाटे उडायचं ठरलं होतं. टेम्पो घाटात अडकला, पंख जोडायला वेळ गेला आणि ऊन चढलं. मी म्हटलं, उद्या उडू. तुम्हीही म्हणालात, उद्या. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि "आज" असं कुणी म्हटलं ते आपल्याला नंतरही कधी ठरवता आलं नाही. मी आत बसले, पट्टे बांधले. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. धावपट्टीच्या टोकाशी गेले तर समोरून मेंढरं आलेली. धनगर शांतपणे त्यांना हाकत होता आणि मेंढरं त्याच्याहून शांत. मी इंजिन चालू ठेवून उन्हात थांबून राहिले.

मग उडाले. दादा, ते उडणं मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही, कारण नंतर आपण फक्त बंद पडण्याबद्दलच बोललो. विमान हलकं होतं, तरतरीत होतं. चाकं सुटली तेव्हा मी तुमच्या नावानं ओरडले. खाली तुम्ही दोन्ही हात वर करून उभे होतात, पांढऱ्या ठिपक्यासारखे.

धावपट्टी मागे पडली आणि इंजिन खोकलं. एकदा. परत सावरलं. मग एकदम गप्प झालं आणि समोरचा पंखा लाकडाच्या फळीसारखा थांबला.

मी घाबरले असेन असं तुम्ही कायम धरून चाललात. मी घाबरले नाही. ती शांतता माझ्या ओळखीची होती, माझी तरुणपणाची वर्षं त्याच शांततेत गेली होती. मागे वळायला उंची नव्हती. नाक खाली घेतलं, वेग धरला, समोर ज्वारी काढून मोकळं पडलेलं शेत होतं. विजेच्या तारा ओलांडल्या. चाकं टेकली. मी मनात "झालं" म्हटलं आणि तेवढ्यात गवतात लपलेला दगडी बांध चाकाला लागला.

उलटी लटकत होते. पेट्रोलचा वास येत होता. तुमची जीप नांगरटीवरून उडत आल्याचा आवाज आला, मग तुमच्या धापा. तुम्ही पोटावर झोपून आत डोकं घातलंत. "बाय, बोल. काय तरी बोल."

मी म्हटलं, "स्विच बंद केलाय."

तुम्ही हसलात की रडलात ते मला उलट्या डोक्यानं कळलं नाही.

घोटा मोडला होता, पाठीच्या एका मणक्याला चीर गेली होती. घाटावरच्या दवाखान्यातून ॲम्ब्युलन्सनं मला पनवेलच्या हॉस्पिटलात आणलं. सुहास म्हणजे आवाज चढवणारा माणूस नव्हे. आयुष्यभर हिशेबखात्यात काम केलेला, रिक्षावाल्याशीही "अहो" म्हणून बोलणारा. त्यानं तुम्हाला हॉस्पिटलच्या दारात सांगितलं, "तुम्ही परत इथे येऊ नका. माझ्या घरीही येऊ नका." मी आतून ऐकत होते.  नंतर नर्सनं सांगितलं, की ते पांढऱ्या कपड्यांतले काका खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून असतात, रोज.

मग वहिनी यायला लागल्या. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि कालवण. सुहासला म्हणाल्या, "साहेब, राग माज्या नवऱ्यावर हाय ना? भाकरीवर नाय ना?"  सुहासनं डबा घेतला. दुसऱ्या दिवशी धुऊन परत दिला. तिसऱ्या दिवशी कालवणाची चौकशी केली.

घरी आल्यावर मी तुम्हाला फोन केला. झोपूनच असायचे, पाठीला पट्टा. कितीतरी दिवस मनात जुळवलेलं वाक्य बोलले. "दादा, मी तुम्हाला अजिबात दोष देत नाही."

 मग तुम्ही म्हणालात, "मना माफी नको, बाय. मना कारन पायजे."

मला राग आला. खरंच आला. मी एवढं मन मोठं करून बोलतेय आणि या माणसाला त्याचं काहीच नाही! फोन ठेवून दिला. तुम्ही परत केलात. "पयला खोकला, का पयला जोर कमी झाला?" मी म्हटलं, आठवत नाही. "आठव."

त्यानंतर तुम्ही मला सोडलं नाहीत. रोज दुपारी सुहास बँकेच्या किंवा भाजीच्या कामाला बाहेर पडला की फोन. खोकला किती वेळानं? खोकल्यावर परत जोर आला तो पुरा का अर्धा? सुई कुठं होती? धूर आला का? मी रडकुंडीला यायचे. एकदा म्हटलंही, "तुम्ही निर्दयी आहात दादा, मला ते रोज परत परत जगायला लावता." तुम्ही म्हणालात, "हां, हाय मी. आता सांग, थ्रोटल पुरा आत होता का?"

इकडे तुम्ही इंजिन उघडत होतात, जोडत होतात, परत उघडत होतात. सगळं ठीक निघत होतं. लोक म्हणाले, कचरा आला असेल. कुणी म्हणालं, योग नव्हता. भगताला विचारा असंही एकानं सुचवलं. जो "नशीब" म्हणेल त्याला तुम्ही शेडमधून बाहेर काढत होतात, हे मला वहिनींनी सांगितलं. "जेवत नाय, बोलत नाय. आंघोल करून परत त्या तेलात जातो," त्या म्हणाल्या. "घरात सवत आणली असती तर बरा होता. तिला निदान भांडले असते."

आणि एका दुपारी, त्याच त्या प्रश्नांच्या माऱ्यात, मी सहज म्हणाले, "मेंढरं गेल्यावर मग मी लगेच..." तुम्ही मला मध्येच तोडलंत. "मेंढरां? कुठली मेंढरां?" तुम्ही धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला होतात, तुम्हाला ती दिसलीच नव्हती. मी सांगितलं. "म्हंजे इंजिन चालू ठेवून उन्हात उभी होतीस?" हो. "बराच वेल?" हो, बराच. तुम्ही फोन न ठेवताच उठलात. मला शेडच्या पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

त्यानंतर तुमचे फोन एकदम थांबले. खरं सांगू? मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. तोवर तो दिवस माझ्या तोंडून इतक्या वेळा गेला होता, की स्वप्नात येणं त्यानं बंद केलं होतं. डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळ्या मी कधी सोडल्या ते माझं मलाच कळलं नव्हतं. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं.

मे महिना ऐन भरात असताना भर दुपारी बेल वाजली. दार सुहासनं उघडलं. तुम्ही उंबऱ्याबाहेरच उभे होतात. मला वाटलं, तुम्ही मला भेटायला आलात. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. सुहासला म्हणालात, "साहेब, माज्यासंगं शेडवर चला. काय झाला ते दाखवतंय. मंग परत तोंड दाखवनार नाय."

सुहास नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. त्यानं चष्मा पुसला आणि चपला घातल्या. मीही पट्टा बांधून मागे बसले. 

शेडबाहेर उन्हात मोडक्या विमानाचा पुढचा भाग तुम्ही लाकडी चौकटीवर बसवला होता, वरचं पत्र्याचं झाकण नीट लावून. पेट्रोल नेणाऱ्या नळीचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी जोडली होती, आणि ती दिसावी म्हणून झाकणाला छोटी खिडकी कापली होती. तुम्ही इंजिन सुरू केलंत आणि तसंच मंद चालू ठेवलंत. आम्ही तिघं उन्हात उभे. सुहासच्या शर्टाची पाठ भिजली. मग तुम्ही त्याला खुणेनं जवळ बोलावलंत.

"बगा साहेब."

नळीत पेट्रोल वाहत होतं आणि त्यात बुडबुडे यायला लागले होते. आधी बारीक, मग मोठे. तुम्ही हळूहळू थ्रोटल पुढे ढकललीत. इंजिन गरजलं. मग खोकलं. एकदा. सावरलं. आणि बंद पडलं.

 हुबेहूब तसंच, दादा. तोच खोकला, तेच सावरणं, तीच शांतता.

"नली एक्झॉस्टच्या जवलून गेली," तुम्ही म्हणालात. "आमी इंजिन तपासला तो सकाली, थंड हवेत, झाकन काडून. एकदा नाय, कैक वेला. तवा काय नाय झाला. त्या दिवशी ऊन, वर झाकन, आन् मेंढरां. आतल्या आत नली तापली, पेट्रोलची वाफ झाली. इंजिन बिगारला नव्हता साहेब. त्याला खायाला भेटला नाय. ह्या बुरबुऱ्यांपायी तुमची बायको..."  एवढा मोठा माणूस, डंपरांच्या ताफ्याचा मालक, हातात फडकं घेऊन उभा आणि खांदे हलतायत.

सुहास बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिला. मग त्यानं तुमच्या दंडावर हात ठेवला. म्हणाला, "मग आता ही नळी कुठून न्यायची?"

तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत, की मला मान वळवावी लागली.

तुमचं "कारन पायजे" मला त्या उन्हात समजलं. मी दिलेली माफी घेऊन तुम्ही सुहाससमोर उभे राहू शकत नव्हतात. मी माफ केलं तरी सुहासची भीती तशीच राहिली असती. बुडबुडे दिसले आणि त्याला भ्यायला नेमकी जागा मिळाली. तेवढ्यानं तो माणूस मोकळा झाला.

पावसाळाभर तुम्ही दोघांनी मिळून काम केलंत आणि मी खुर्चीवरून हुकूम सोडले. मोडलेले पंख आणि सांगाडा परत बांधला, नळी दुसऱ्या बाजूनं नेली, तिच्यावर उष्णता अडवणारं वेष्टण चढवलं, टाकीजवळ जास्तीचा पंप बसवला, झाकणाला हवा खेळायला जागा ठेवली. सुहासला कशातलं काही कळत नव्हतं. पण प्रत्येक नट तुम्ही आवळल्यावर तो परत हात लावून बघायचा आणि तुम्ही ते चालवून घ्यायचात. आणि मग दसऱ्यानंतर, तुम्ही मुद्दाम, दुपारच्या उन्हात, झाकण लावून, इंजिन मंद चालू ठेवून, तापवून, छळून तपासलंत. नाही बंद पडलं.

मला परत उडायचं होतं. तुम्ही म्हणालात, दुसरा कुणी तरणा पायलट बघू. आपलं त्यावरून कडाक्याचं वाजलं. निकाल सुहासनं दिला. "तिलाच उडू दे," तो म्हणाला. "नाहीतर ती आयुष्यभर पडलेलीच राहील."

"उतरवलं होतं!" मी ओरडले.

तुम्ही दोघं एकाच वेळी हसलात.

त्या हिवाळ्यात चाचणीची सगळी उड्डाणं झाली. एकटीनं, माणसाच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या घेऊन, मुद्दाम दुपारी. इंजिन एकदाही खोकलं नाही. आणि मग दुसऱ्या खुर्चीवर माणूस बसवायची वेळ आली. तुम्ही दाढी करून, नवा शर्ट घालून आलात. वर जाईपर्यंत मी तुमच्याकडे बघितलं नाही, लक्ष कामात होतं. विमान सरळ केलं आणि बघते तर काय, तुम्ही डोळे मिटून बसलेले.

"दादा, घाबरलात?"

मान हलली. नाही.

"मग खाली बघा की! धरण दिसतंय. डोंगर बघा."

"गप जरा. ऐकू दे."

सबंध वेळ तुम्ही डोळे उघडले नाहीत. उन्हं डोंगरावर पसरली होती, पाणी चमकत होतं, तुमच्या हातांनी बांधलेला पंख आपल्याला उचलून धरत होता, आणि तुम्ही त्यातलं काहीच बघितलं नाहीत. मी चिडले होते. खाली उतरलो, इंजिन बंद केलं, तेव्हा कुठे तुम्ही डोळे उघडलेत, आणि पहिलं वाक्य बोललात, "ह्याला उतरवला म्हनतात, बाय."

"एवढं वर नेलं आणि तुम्ही बघितलं नाहीत काहीच!"

"शिमगा होऊ दे. मंग परत जाऊ. तवा बगतंय."

शिमगा झाला. होळीला तुमच्या गावच्या होळीभोवती तुम्ही नाचलात, पालखी खांद्यावर घेतलीत असं वहिनी सांगतात. त्याच आठवड्यात जेवून ओटीवर पडलात, छातीत कळ आली म्हणालात, आणि गाडी हॉस्पिटलला पोचायच्या आधीच सगळं संपलं. मला फोन सुहासनं घेऊन दिला. तिरडीला त्यानंही खांदा दिला, दादा. वाटेत कुणी बदलायला आलं, तर त्यानं मानेनंच नको म्हटलं.

काल दहाव्याचं आटोपल्यावर वहिनींनी मला बाजूला घेतलं. मी त्यांना तुमच्या मिटल्या डोळ्यांची गोष्ट सांगितली. वाटलं, त्या हसतील. त्या म्हणाल्या, "तुला विष्णूचा कधी बोलला नाय?"

मी म्हटलं, कोण विष्णू?

तुमचा थोरला भाऊ. मिठागरावरची होडी घेऊन खाडीत गेला होता. भर खाडीत इंजिन बंद पडलं, ओहोटीनं होडी ओढून नेली. होडी खारफुटीत सापडली. तो सापडला नाही. तुम्ही तेव्हा विशीतले. इंजिन उघडून बघू द्या, म्हणून वडिलांच्या पाया पडत होतात. वडील म्हणाले, अपशकुनी आहे ते, हात लावायचा नाही, आणि भंगारात देऊन टाकलं. "का बंद परला, ते कुनालाच नाय कलला," वहिनी म्हणाल्या. "तवापासून घरात कुठला पन इंजिन लागला की हा आदी ऐकत उभा ऱ्हायाचा. मिक्सर लावला तरी."

दादा, एवढे दिवस आपण त्या शेडमध्ये बसलो. मी तुम्हाला निर्दयी म्हटलं, तुम्ही ऐकून घेतलंत. एकदा तरी सांगायचंत. पण मी कुठल्या तोंडानं म्हणते हे? सांगितलं असतंत तर मी तुमची समजूत घालत बसले असते, नशीब हो दादा, म्हटलं असतं. आणि तुम्ही मलाही शेडबाहेर काढलं असतंत.

आज सकाळी आम्ही नेऱ्याला गेलो. विमान शिमग्याआधीच परत तिथं आणलं होतं, आणि इंजिन फार दिवस बंद ठेवू नये, म्हणून. सुहासनं आंब्याच्या खोडाला विमानाची शेपटी बांधली, चाकांना दगड लावले, नळीवरून एकदा हात फिरवला. वहिनी गाडीतून उतरून आल्या. इंजिन चालू असताना त्या शेडकडे कधी फिरकल्या नव्हत्या, तुम्हाला ठाऊकच आहे. आज कमरेला पदर खोचून वाऱ्यात उभ्या राहिल्या. मी बंद केल्यावर जवळ आल्या, दुसऱ्या खुर्चीच्या कापडावरून बोट फिरवलं.

"चक्कर येतं का गो वर?"

"थोडी येते, पहिल्यांदा."

"मंग जेवून नाय बसायचा."

"हलकं काहीतरी खायचं."

त्यांनी जरा विचार केला. "महिना होऊ दे," म्हणाल्या. "लोक बोलतील ते बोलतील. मना ने."

सुहास दोर सोडत होता, तो तसाच थांबला. मी म्हटलं, "नेते वहिनी. पण भीती वाटली तर डोळे मिटा, खाली बघायलाच हवं असं काही नाही."

"डोले मिटायला मी कशाला वर येऊ?" त्या म्हणाल्या. "मना खिरकीकडची जागा दे."